देवांची बोळवण

कविसंमेलनात नवसू तुंबडाचा नंबर नेहमी पहिला असायचा. त्यात मान वगैरे काही नव्हता. पहिल्या कवीच्या वेळी सभागृह अजून भरत असतं, खुर्च्या करकरत असतात आणि प्रमुख पाहुणे घोडबंदर रोडवर अडकलेले असतात. अशा वेळी सूत्रसंचालक आवाज जड करून म्हणायचा, "आता आपल्यासमोर येत आहेत रानावनाचा आदिम हुंकार घेऊन..." आणि हा आदिम हुंकार शर्ट खोचून, खिशाला पेन लावून, चष्मा पुसत उठायचा.

ठाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही बरोबर नोकरी केली. मी इतिहास शिकवायचो, तो मराठी. मी डोंबिवलीहून यायचो, तो येऊरच्या पायथ्याच्या आपल्या पाड्यावरून. त्याच्या लहानपणी पाड्यातून डोंगर दिसायचा. आता पाडा दोन टॉवरांच्या मधल्या फटीत उरला होता आणि डोंगर बघायला टॉवरमधल्या कुणाशी तरी ओळख काढावी लागायची.

नवसू वारली. तो कविता वारलीत लिहायचा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यायचा, कारण आयोजकांना अर्थ लागत असे. कवितेपेक्षा त्यांना आणखी एक गोष्ट जास्त लागत असे. कल्याणच्या एका कार्यक्रमात संयोजक त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, वेशभूषा नाही आणली?"

"घातलीय की."

"नाही म्हणजे... पारंपरिक?"

"तुम्ही पणजोबांची पगडी घालून या," नवसू म्हणाला, "मग मी पणजोबांची लंगोटी नेसतो. दोघं बरोबर दीप लावू."

हे तो हसून बोलायचा. त्याला रागावताना मी क्वचितच पाहिलं. कुणी "फार सुंदर कविता हो!" म्हणालं की तो अगदी नम्रपणे विचारायचा, "कुठली ओळ?" समोरचा गडबडायचा, इकडेतिकडे बघायचा, म्हणायचा, "म्हणजे एकूणच." या एका प्रश्नाने त्याने ठाणे जिल्ह्यातले बरेच रसिक गमावले.

सत्काराच्या शाली तो पाड्यातल्या म्हाताऱ्यांना देऊन टाकायचा. नारळ स्टाफरूममध्ये यायचे. आमच्या शिपायाच्या बायकोने त्यांची चटणी करून पाठवली की आम्ही सगळे आदिवासी साहित्याच्या भरभराटीसाठी मनापासून प्रार्थना करायचो. प्रश्न स्मृतिचिन्हांचा होता. प्रत्येकावर तीच वारली चित्रं, तोच तारपा फुंकणाऱ्याभोवतीचा नाच, फायबरमध्ये, पितळेत, काचेत. "घरात आम्ही वारली मोजून पाच," तो म्हणायचा. "कपाटातले धरले तर नगरसेवक निवडून आणू."

त्याची नाव झालेली कविता लिफ्टची. पाड्याला लागून जो टॉवर उभा राहिला त्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर बिल्डरने वारली चित्रं काढून घेतली होती. एका मुलाच्या पालकांना भेटायला नवसू तिथे गेला तर वॉचमनने अडवलं. "किससे मिलना है?" नवसूने भिंतीकडे बोट केलं. "इनसे." वॉचमन बिहारचा होता, त्याला विनोद कळला. तो म्हणाला, "ये लोग तो बाहर ही रहते हैं, साहब." त्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून त्याने कागदावर खरडलं:

माजे डोंगराचा पत्ता
आता लिफ्टचे बटनावर.
तेरावा माळा दाबा.
तठं माजी आयस लाकडं येचं.

तेराव्या मजल्यावर जिथे आता कुणाची तरी गॅलरी आहे, त्या उंचीवर डोंगराचा एक सोंडा होता आणि त्यावर त्याची आई सरपण वेचायची. तो कापून सपाट केला होता. कविता गाजली, बऱ्याच ठिकाणी छापून आली. बिल्डरच्या माणसानेही त्याला भिंतीच्या उद्घाटनाला ती वाचाल का म्हणून विचारलं. त्याने वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "कुठली ओळ?" हे त्याने त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "ज्यांची भाषा आहे ते वाचत नाहीत. जे वाचतात त्यांना भाषा येत नाही. मी नक्की कुणाला लिहितो रे?" मी म्हटलं, "मी वाचतो." "तू अर्थ वाचतोस," तो म्हणाला. ते खरं होतं.

त्याची आई सोमीबाय हीच त्याची खरी शाळा. ती पाड्याची धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात मंत्र म्हणायला भटजी नसतो. धवलेरी लग्न गाते. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्याच्यासमोर बसून ती एकेका देवाला नावाने बोलावते. कुणाला डोंगरावरून, कुणाला ओढ्यातून, कुणाला भाताच्या कणसातून. सगळे आले, बसले, की त्यांच्यासमोर लग्न लागतं. मग ती एकेकाला पुन्हा नावाने, आपापल्या जागी परत धाडते. डोंगरातला डोंगरात, ओढ्यातला ओढ्यात. बोलावल्याशिवाय लग्न नाही आणि धाडल्याशिवाय उठायचं नाही. सोमीबायचं गाणं पाड्यापाड्यातून प्रसिद्ध होतं. ती बुटकी, काटक बाई, आवाज मात्र असा की मांडवाबाहेरची कुत्री गप्प बसायची.

नवसूच्या ज्या संग्रहाला बक्षिसं मिळाली तो या बोलावण्याच्या गाण्यांतून उगवला होता. आईच्या मागे बसून त्याने ती सगळी पाठ केली होती, त्यांवर स्वतःच्या कविता बांधल्या होत्या. संग्रह वाचून मी विचारलं होतं, "आणि धाडायचं गाणं?"

"ते नाही घेतलं. ती नुसती हजेरी आहे रे. हा गेला डोंगरावर, ती गेली शेतात. तेच तेच. बोलावण्यात कविता आहे, धाडण्यात काय आहे?"

माणूस मराठीचा एम. ए. होता. कविता कुठे असते हे त्याला शिकवलेलं होतं.

मग तो महोत्सव आला. एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाने ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात आदिवासी काव्याचा सोहळा ठरवला. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष बांधकाम व्यवसायात होते आणि त्यांना संस्कृतीची ओढ होती. डोंगर संपत आले की ही ओढ वाढते असं दिसतं. संग्रह जिच्यावरून आला त्या माउलीलाच मंचावर आणा, असा त्यांचा आग्रह. नवसूलाही ते हवं होतं. इतकी वर्षं त्याने आईच्या गाण्यावर टाळ्या घेतल्या होत्या; एकदा तिला त्या मिळाव्यात, लोकांनी हा आवाज ऐकावा, अर्थ न विचारता ऐकावा, असं त्याला वाटत होतं. यात खोट काढायला जागा नाही.

सोमीबायने एकच विचारलं. "लगीन कोणाचा हाय?"

"लगीन नाय, आया. कार्यक्रम हाय."

"मग देवांना कशाला बोलवू?"

नवसूने तिला बऱ्याच प्रकारे समजावलं. शेवटी ती त्याच्यासाठी तयार झाली, पण एका अटीवर: सुरू केलं की धाडून होईपर्यंत कोणी उठवायचं नाही. अध्यक्षांनी तिच्या पायांना हात लावून सांगितलं, "आजी, बिनधास्त. तुमचाच मंच आहे." कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावापुढे "दहा मिनिटे" छापलेलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं आणि नवसूने पाहिलं नव्हतं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. मंचावर चौक होता, फ्लेक्सवर छापलेला, खाली प्रायोजकांची नावं. त्याच्यासमोर सोमीबाय मांडी घालून बसली, शेजारी लखमीबाय, तिच्या मागून म्हणणारी तिची कायमची जोडीदारीण. सोमीबाय एक ओळ म्हणायची, लखमी तीच ओळ उचलून पुढे न्यायची, तोवर सोमी दुसरीकडे पोचलेली. मला शब्द कळत नव्हते. तरी हळूहळू सभागृहातली कुजबुज बंद झाली, मोबाइल खाली गेले. माझ्या शेजारचे गृहस्थ, जे आल्यापासून नाश्त्याची चौकशी करत होते, तेही गप्प बसले. काही तरी येत होतं, जमत होतं, इतकं कळत होतं.

तेवढ्यात मागच्या दारात गडबड झाली. मंत्री आले होते. सूत्रसंचालिका हसतमुखाने मंचावर आली, माईक उचलला आणि म्हणाली, "आजींसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" टाळ्या झाल्या. सोमीबाय थांबली नाही. माईकशिवाय गातच राहिली. मग मंत्र्यांच्या स्वागताचं ढोलपथक बाजूच्या दारातून आत आलं आणि काही ऐकू येईना. दोन कार्यकर्त्या मुलींनी म्हातारीला दोन्ही दंडांना धरून, अतिशय आदराने, उठवलं. अध्यक्षांनी तिला शाल घातली.

घरी परतताना रिक्षात आम्ही तिघं होतो. ती सारखी वळून मागे बघत होती. नवसू म्हणाला, "आया, काय राहिला का?"

"बोलवलं," ती म्हणाली. "धाडलं नाय. देव उबं हात तठं."

सोमवारी त्याने हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला. "आमचे देव सध्या नाट्यगृहात आहेत," तो म्हणाला. "बाल्कनीत. तिकिटाशिवाय." आम्ही हसलो. तोही हसला. नवसूचा देवांवर विश्वास नव्हता. देव ही फार चांगली प्रतिमा आहे, असं त्याचं मत होतं.

पुढच्या हंगामात पाड्यात एक लग्न ठरलं. मुलीचा बाप नेहमीप्रमाणे सोमीबायला बोलवायला आला. ती म्हणाली, "गाईन. पन बोलवू कोणाला? ते तठं हात, हतं कोण येल?" तिने हे ना रडून सांगितलं, ना रागाने. पाहुणा दुसऱ्या गावी गेला असला की आपण सांगतो तसं. बाप उठून गेला. ते लग्न ठाण्यातल्या खोपटहून आणलेल्या भटजीने लावलं, अर्ध्या तासात. चौक काढला होता, पण त्याच्यासमोर कोणी बसलं नाही. मग दुसरं लग्न तसंच झालं. तिसऱ्याला तिला कोणी विचारायलाच आलं नाही.

नवसूने बाल्कनीचा विनोद त्यानंतर केला नाही.

त्याने ठरवलं, आईला एका दुपारी नाट्यगृहात न्यायचं, गाणं पुरं करू द्यायचं. देव असोत नसोत, आई तरी मोकळी होईल. तो अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष उठून उभेच राहिले. "वा! काय कल्पना आहे! 'देवांची बोळवण'! भाग दोन! सर, याला तर चॅनेलवाले येतील."

"प्रेक्षक नकोत," नवसू म्हणाला.

"मग कार्यक्रम कसा होणार?"

मग तो स्वतः नाट्यगृहाच्या कार्यालयात गेला. मी बरोबर होतो. तिथला कारकून सज्जन होता, त्याने चहासुद्धा मागवला. "कार्यक्रमाचा प्रकार काय लिहू, सर? नाटक, संगीत, व्याख्यान?"

नवसू म्हणाला, "झालेला कार्यक्रम संपवायचाय."

कारकुनाने थोडा विचार केला. "मग तो मागच्या बुकिंगमध्येच संपायला हवा होता," तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. शेवटी "संगीत" असं लिहून त्याने तारीख दिली. त्या तारखेच्या आधीच नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं. छताचा काही भाग पडला होता. काम किती चालेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एकदा सोमीबाय स्वतः चालत तिथवर गेली आणि पत्र्यांच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. रखवालदाराने तिला हाकललं नाही, पण आतही सोडलं नाही.

त्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

नवसूने रजा टाकली. दवाखान्यात खाटेशेजारी बसून तो तिला एकेक देवाचं नाव सांगायचा आणि विचारायचा, "याला कसा धाडायचा, आया? पहिला कोण जातं? याला काय म्हणायचा?" तिचे ओठ हलायचे. तो मोबाइल तिच्या तोंडाजवळ धरायचा. मला त्याने एकदा ते ऐकवलं. श्वास होता, पंख्याचा आवाज होता, शेजारच्या खाटेवरची बाई नर्सला हाक मारत होती. "बघ," तो म्हणाला, "तीच हजेरी. ज्यात कविता नव्हती." सोमीबाय त्या आठवड्यात गेली.

उरली लखमीबाय. ती मुलाकडे दिवा स्टेशनजवळ राहायला गेली होती. आम्ही दोघं शोधत गेलो. चिकटून उभ्या इमारती, जिन्यात ओल, खाली टँकरची वाट बघत बायकांची रांग. लखमीबाय त्या रांगेतच सापडली, हंड्यावर हात ठेवून. रांग सोडली तर पाणी जाईल म्हणून तिथेच उभ्या उभ्या बोलणं झालं.

"काकी, धाडायचं गाणं म्हणून दाखवशील?"

"मी कशी म्हणू?"

"आयासंगं जन्मभर म्हटलास ना तू."

"मी मागं म्हणायची रं," ती म्हणाली. "ती पुढं म्हणं, मी उचलायची. तिच्या तोंडातून आला का माझ्या तोंडात येय. आता मी कोणाच्या मागं म्हणू?"

नवसूने खूप प्रयत्न केला. पहिला शब्द तरी, पहिल्या देवाचं नाव तरी. ती डोळे मिटून उभी राहिली. रांगेतल्या बाया बघायला लागल्या. लखमीबायचे ओठ उघडले आणि ती तशीच थांबली, समोरून ओळ येण्याची वाट बघत. खरोखरच वाट बघत होती. मग टँकर आला आणि रांग पुढे सरकली.

त्यानंतर नवसूने कविता लिहिली नाही. निमंत्रणं येत होती, आता तर नंबर पहिला नसायचा, मधला असायचा. तो प्रकृतीचं कारण सांगायचा. वर्गात मन लावून शिकवायचा, पेपर वेळेवर तपासायचा, चहा घ्यायचा. संग्रहाची नवी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशक मागे लागला तर म्हणाला, "अर्धी पत्रिका आहे ती, नुसतं बोलावणं. आणखी किती वाटायची?" मी एकदा धीर करून म्हटलं, "तू तर मानत नाहीस ना हे सगळं?" तो म्हणाला, "मी नाही मानत. पण मीच ना त्यांना तिकडे नेलं."

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं, दीपालीचं, लग्न झालं. मुलगी घोडबंदर रोडच्या एका कंपनीत नोकरीला, मुलगा तिच्याच ऑफिसातला, पालघरकडचा वारली. पाड्यात मोकळी जागा एकच उरली होती, तिथे दिवसा मांडव घातला. भर दुपार, डीजे, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या. मांडवामागच्या घराच्या भिंतीवर चौक मात्र खरा होता. दीपालीने आणि तिच्या मैत्रिणींनी तांदूळ वाटून, बोटं पांढरी करून रात्रभर नव्हे पण अख्खी सकाळ बसून काढला होता. जरा वाकडा झाला होता. नवसू तो बघत उभा होता. चेहऱ्यावर बापाचं कौतुक होतं, हे मला स्पष्ट दिसलं.

दीपालीला वडिलांना काही द्यायचं होतं. तिने कुणाला न सांगता डीजेवाल्या मुलाकडे आपला मोबाइल दिला होता. भटजींनी अंतरपाट धरायच्या आधी गाणं बंद झालं, क्षणभर सगळं शांत झालं आणि त्या अजस्र स्पीकरमधून सोमीबायचा आवाज आला.

महोत्सवाचं चित्रण होतं ते. सोमीबाय बोलावत होती, लखमी मागून उचलत होती. पाड्यातल्या म्हाताऱ्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकीने पदर तोंडाला लावला. पोरांनी मोबाइल बाहेर काढले आणि परत खिशात ठेवले. बऱ्याच हंगामांनंतर पाड्यात ती नावं घेतली जात होती. दीपाली वडिलांकडे बघून हसत होती, डोळ्यांत पाणी.

नवसू डीजेकडे चालत निघाला. पळाला नाही, पण वाटेतल्या खुर्च्या ढकलत गेला. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. सूत्रसंचालिकेच्या टाळ्या यायच्या आत त्याने हात लांब करून वायर उपसली.

मांडवात आवाज राहिला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. साहजिक होतं, सोमीबायचा पोरगा, मोठा कवी, आता तो पुढचं म्हणणार. त्याचा चुलता शिदवा, पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, खुर्चीवरून म्हणाला, "नवसू, मशिनीतून बोलवलं तं येतंत का रं ते?"

"माहीत नाय, काका."

"आलं असतील तं?"

नवसूने वायर खाली ठेवली. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. त्याने जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भटजींना खूण केली. लग्न लागलं. अक्षता पडल्या, डीजे परत सुरू झाला, पंगती बसल्या.

मी जेवायला त्याला शोधत मागे गेलो. घराच्या भिंतीपाशी, चौकासमोर तो उभा होता, हात मागे बांधून, स्टाफरूमच्या खिडकीत उभा राहायचा तसा. मांडवात पुढची पंगत बसत होती. मी म्हटलं, "चल रे, मुलाकडचे पाहुणे खोळंबलेत."

"तू जेवून घे," तो म्हणाला. चौकावरून नजर न काढता जरा बाजूला सरकला, कुणाला तरी जागा करून द्यावी तसा. "मी इथे थांबतो. बोलावलेल्या माणसांजवळ घरचं कुणीतरी असावं लागतं."